सातबाऱ्यावर नाव

रूपालीच्या घरात फोन आला आणि त्याच्या पाठोपाठ इन्कम टॅक्स आला. आता फोनचा आणि टॅक्सचा काय संबंध, असं कुणीही विचारील. रूपालीनंही विचारलं होतं. पण त्या सुमारास सरकारनं नियमच तसा काढला होता. ज्याच्याकडे टेलिफोन असेल, स्वतःचं घर असेल, त्यानं रिटर्न भरायचं. सिडकोतल्या त्यांच्या छोट्याशा फ्लॅटमध्ये नेमकं दोन्ही होतं. फोनसाठी किती वर्षं नंबर लावून बसले होते हे लोक! आल्यावर खालपासून वरपर्यंत पेढे वाटले होते. घ्या आता, खा पेढे.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. ज्ञानेश अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला होता, रूपाली शाळेत गणित शिकवायची, आणि दोघांचाही टॅक्स पगारातूनच कापला जायचा. भानगड होती ती तिसऱ्या कमाईची. शाळा सुटली की रूपाली घरी क्लास घ्यायची. आधी शेजारची दोन पोरं, मग अख्खी गल्ली, मग दहावीच्या बॅचेस. हॉलमधला सोफा विकून सतरंज्या अंथरल्या, एवढा तो क्लास वाढला. फ्लॅटचे हप्ते त्यातूनच जायचे. पण शाळेच्या शिक्षकांनी खाजगी शिकवणी घ्यायची नाही असा शाळेचा दंडक होता, त्यामुळे ही कमाई कागदावर दाखवायची कशी आणि लपवायची कशी, दोन्हीकडून पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

कुणीतरी एका कर सल्लागाराचं नाव सांगितलं. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणायचे. महात्मा गांधी रोडवर जिना चढून वर गेलं की त्यांचं ऑफिस. पान चघळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि रूपालीला सोडून ज्ञानेशला विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"मखमलाबाद, इथंच शहराला लागून. मळा आहे आमचा. गुलाब, झेंडू, भाजीपाला."

वकीलसाहेब हसले. "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! शेतीच्या उत्पन्नाला टॅक्स नाही. क्लासचे पैसे दोघांच्या खात्यात जातात ना? ते तुमच्या हिश्श्याच्या शेतीचे. मॅडम क्लास घेतच नाहीत. शाळाही खूश, सरकारही खूश. फक्त सातबाऱ्यावर तुमचं नाव हवं. आहे ना?"

नाव नव्हतं. ज्ञानेश लहान असतानाच वडील गेले, तेव्हा जमिनीच्या उताऱ्यावर थोरल्या भावाचं, वाळूचं, नाव लागलं होतं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून. तेव्हापासून तो उतारा कुणी उघडून पाहिला नव्हता. पाहायची गरजच काय? शाळेचं तोंडही न बघितलेल्या वाळूनं मळा धरला, धाकट्याला शिकवलं, त्याचं लग्न लावलं, फ्लॅटचं डिपॉझिट भरायला स्वतःची बैलजोडी विकली. आणि दर शनिवारी मखमलाबादहून मेथी, कांद्याची पात, वांगी भरलेली गोणी सिडकोत यायची. कधी वाळू स्वतः घेऊन यायचा. मार्केटात माल टाकून आला की सतरंजीवर आडवा व्हायचा आणि पोरांचा क्लास चालू असताना घोरायचा. पोरं खुसूखुसू हसायची. रूपाली त्यांना डोळे वटारायची, पण तिलाही हसू यायचं.

"दादाला कसं विचारू मी?" घरी आल्यावर ज्ञानेश म्हणाला.

"यात विचारण्यासारखं काय आहे? आपण काय जमीन मागतोय का? फक्त कागदावर नाव लावायचं. तुमचे सख्खे भाऊ आहेत, परके थोडेच आहेत."

ज्ञानेशनं आज उद्या, आज उद्या करत बरेच दिवस ढकलले. रिटर्नची तारीख जवळ आली तशी रूपालीनं त्याच्यामागे टुमणंच लावलं. शाळेला क्लासचं कळलं तर नोकरी जाईल, हप्ते थकतील, लेकीची, छायाची, फी कोण भरणार? शेवटी एका रविवारी ती स्वतःच तयार झाली, छायाला तयार केलं आणि म्हणाली, चला.

मळ्यात गुलाबाची तोडणी चालू होती. थोरली जाऊ भागुबाई ओट्यावर बसून फुलांच्या जुड्या बांधत होती. तिचा नांदगावचा भाऊ पुंजाही दोन दिवसांसाठी आलेला. वाळू विहिरीजवळ पाय धुत होता. ज्ञानेश तिथं गेला, खाली बघत, बोटं मोडत सगळं बोलला. टॅक्स, फोन, रिटर्न, शेतीचं उत्पन्न. रूपाली ओट्यावरून ऐकत होती आणि तिला वाटत होतं, किती घोळ घालतात हे, नीट सांगत का नाहीत.

वाळूनं दुसरा पाय धुतला. मग म्हणाला, "कुनाला इकायचं हाय?"

"विकायचं? छे! दादा, विकायचं नाही रे. टॅक्ससाठी. नुसतं नाव."

"टॅक्समधलं मला काय कळत नाय. तुझं नाव पायजे, एवढंच ना?"

"फक्त कागदावर, दादा."

"बरं."

एवढंच. 'बरं' म्हणाला आणि पाय न पुसताच चपला घालून वाफ्यात निघून गेला. पुंजानं तेवढ्यात भागुबाईकडे बघून मान हलवली. मखमलाबादेत त्या दिवसांत भाव आकाशाला भिडले होते. शहर पुढं सरकत होतं, आज या मळ्यात तर उद्या त्या मळ्यात प्लॉट आखायला चुन्याच्या फक्क्या पडत होत्या. "आज नाव, उद्या हिस्सा, परवा बिल्डर," असं पुंजा म्हणाल्याचं रूपालीला नंतर भागुबाईकडूनच कळलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण त्याच्या जिभेला दोष तरी किती द्यायचा? आसपास तसंच घडत होतं. शिकलेला भाऊ गावी यायचा, गोड बोलायचा, उताऱ्यावर नाव लावायचा, आणि वर्षाच्या आत तिथं बिल्डरची पाटी लागायची.

त्या दिवशी निघताना गोणी भरून ठेवलेली होती, पण ती बसपर्यंत उचलून द्यायला वाळू आला नाही.

मग काही आठवड्यांनी निरोप आला, तहसील कचेरीत या. दोघं गेले. तिथं वाळू धुतलेलं धोतर आणि टोपी घालून बाकड्यावर बसला होता, शेजारी गावचे दोन म्हातारे. कारकुनानं कागद वाचून दाखवला. तो नाव लावायचा कागदच नव्हता. वाटणीचा कागद होता. विहिरीकडची, गुलाबाची, काळी जमीन ज्ञानेशला. ओढ्याकडचा खडकाळ तुकडा वाळूला. विहिरीत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क.

"दादा, हे काय? मी वाटणी कुठं मागितली?" ज्ञानेशचा आवाज चढला.

"नाव लागलं म्हंजे वाटनी झाली. कुनी माघारी भांडून घेन्यापरीस माझ्या हातानं दिलेली बरी."

"अरे पण चांगली जमीन सगळी मला?"

"धाकट्याला चांगलं द्यावं. बा असता तर त्यानं तेच केलं असतं."

ज्ञानेशनं रूपालीकडं पाहिलं. कारकून घाई करत होता, बाहेर रांग होती, म्हातारे कान देऊन ऐकत होते. आता नाही म्हटलं तर चारचौघांत दादाचा अपमान, आणि हो म्हटलं तर काय ते त्या क्षणी दोघांनाही नीट उमजलं नाही. रूपाली त्याच्या कानाशी लागून म्हणाली, "करा सही. शेवटी कागदच आहे. जमीन दादाच कसणार, सगळं आहे तसंच राहील." तिला खरंच तसं वाटत होतं. शाळेत वर्षानुवर्षं पोरांची रजिस्टरं भरणारी बाई ती. कागद म्हणजे काय, तर वरच्यांना दाखवायचा आणि कपाटात ठेवायचा, असंच ती समजून चालली होती. वाळूचं तसं नव्हतं. त्यानं आयुष्यात मोजून दोनचार कागदांवर अंगठा उठवला होता, आणि प्रत्येक कागदानं त्याचं काहीतरी खरोखरच बदललं होतं.

ज्ञानेशनं सही केली. वाळूनं अंगठा उठवला, शाई धोतराला पुसली आणि म्हाताऱ्यांना चहा पाजायला घेऊन गेला. या दोघांना चहाला बोलवायचं तो विसरला, की त्यानं मुद्दाम बोलावलं नाही, यावर नवरा-बायको घरी येईपर्यंत वाद घालत राहिले.

रिटर्न सुरळीत भरलं गेलं. वकीलसाहेबांनी उतारा फाइलला लावला आणि आपली फी घेतली. शनिवारची गोणी मात्र बंद झाली. पहिल्या शनिवारी रूपालीला वाटलं, पाऊस असेल. दुसऱ्या शनिवारी वाटलं, माल कमी असेल. मग तिनं गुपचूप बाजारातून मेथी आणायला सुरुवात केली. ज्ञानेश ती मेथी खायचा नाही, भूक नाही म्हणायचा.

दिवाळीच्या आधी वाळू आला. दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर उभा, पायात चपला तशाच.

"आत या ना दादा, पाणी घ्या," रूपाली म्हणाली.

"नगं. घाई हाय." त्यानं बंडीच्या खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि ज्ञानेशपुढं धरले. "तुमच्या तुकड्यातला माल. मजुरी, खत वजा केलंय. पायजे तर हिशेब इचारा."

ज्ञानेश मागंच सरला. "दादा, मला मारायचं तर मार, पण हे असं करू नको. मला कशाला हे पैसे?"

"कागदावर तुमचं हाय ते. दुसऱ्याचं मी खात नाय."

त्यानं रुमाल दाराजवळच्या चपलांच्या मांडणीवर ठेवला आणि जिना उतरला. आत सतरंजीवर बसलेली पोरं हे सगळं पाहत होती. रूपालीनं त्यांना उदाहरण सोडवायला सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून रडली. तिला लाज वाटत होती, आणि राग येत होता. कुणाचा ते मात्र ठरत नव्हतं. वकिलाचा, पुंजाचा, त्या हटवादी माणसाचा, की स्वतःचा.

"जाऊ द्या, होईल सगळं ठीक," ती ज्ञानेशला म्हणाली. "चंपाषष्ठीला जाऊच ना आपण. देवापुढं माणूस राग धरत नाही."

त्यांच्या घरात खंडोबाचा कुळाचार. चंपाषष्ठीला बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, आणि मग घरातल्या पुरुषांनी मिळून तळी उचलायची. ताम्हनात खोबरं, भंडारा, सुपारी ठेवायची, पाच जणांनी पाच बाजूंनी हात लावायचे आणि 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत ताम्हन तीनदा वर उचलायचं. लग्न होऊन आल्यापासून रूपालीनं ती तळी कधी चुकवली नव्हती. त्या वर्षीही सकाळीच पोचले सगळे. भरिताचा वास अंगणापर्यंत येत होता, आणि रूपालीला जरा हायसं वाटलं.

पण आत गेले तर देवघरापुढं भंडारा सांडलेला. तळी उचलून झाली होती.

"आम्ही आलो नव्हतो तरी?" ज्ञानेशनं विचारलं. वाळूनं भागुबाईकडं पाहिलं. भागुबाईनं पदरात हात घातला आणि पिवळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी रूपालीच्या हातात दिलं. उघडलं तर खंडोबाचा टाक. चांदीच्या पत्र्यावर घडवलेला देव, घोड्यावर बसलेला, सराफ बाजारातून नवाकोरा करून आणलेला.

"वाटनी झाली की देवबी वाटून घ्यावे लागतात, रूपाली," भागुबाई म्हणाली. तिला बोलवत नव्हतं. "तशी रीतच हाय. आता तुमचा देव तुमच्या घरी. तळीबी तिकडंच उचलायची. मी लय सांगून पाह्यलं यांना. जेवून जा मात्र, एवढं केलंय सगळं."

जेवले ते. न जेवता कसं निघणार, देवाचं होतं. पण रूपाली भरीत नुसतं चिवडत राहिली, आणि ज्ञानेश तर नुसता ताटाकडं बघत बसला होता. परतताना रिक्षात तिनं टाक पर्समध्ये ठेवला आणि पर्स दोन्ही हातांनी धरली.

त्यानंतर ती शहाणी झाली म्हणा, नाहीतर हट्टाला पेटली म्हणा. पुढच्या जुलैत वकीलसाहेबांकडं जाऊन तिनं स्पष्ट सांगितलं, "क्लासची कमाई माझ्या नावावर दाखवा. मागच्या वर्षीचीही. जो होईल तो टॅक्स, दंड, व्याज, सगळं भरते."

"मॅडम, वेड लागलंय का? बसलेली घडी कशाला मोडताय? आणि शाळेचं काय?"

"शाळेला कळलं तर कळू दे."

शाळेला कळलंही पुढं. मुख्याध्यापिकेनं बोलावून क्लास किंवा नोकरी, एक निवडा म्हणून सांगितलं. रूपालीनं नोकरी सोडली. ती एक वेगळीच रड आहे, पण तिचं तिला फारसं वाटलं नाही. तिचं सगळं मन मखमलाबादला लागलं होतं. बँकेत टॅक्स भरून झाला त्याच रविवारी ती ज्ञानेशला घेऊन मळ्यात गेली आणि वाळूपुढं जाऊन उभी राहिली. आजवर थोरल्या दिरांशी ती मान खाली घालून, मोजकंच बोलत आली होती. त्या दिवशी तिनं मान वर केली.

"दादा, चूक माझी आहे. यांच्या मनातसुद्धा नव्हतं, मीच मागं लागले. आम्ही टॅक्स भरून टाकला. आता आम्हाला ते नाव नको, जमीन नको. हे हक्कसोड लिहून देतात. सगळं पहिल्यासारखं तुमच्या नावावर करून टाका."

वाळू खाटेवर बसला होता. वर्षभरात फार थकलेला दिसत होता. खडकाळ तुकड्यावर काही पिकत नव्हतं, आणि धाकट्याच्या तुकड्यातला आपला घाम तो आपला मानायला तयार नव्हता.

"हक्कसोड?" तो म्हणाला. "धाकट्या भावाची जमीन गिळली म्हनंल गाव. तुमी मागितलं तवा दिलं. आता तुमी टाकता म्हून उचलू? माझं काय म्हननं हाय, कुनी इचारलंच नाय, तवाबी अन् आताबी."

"दादा..." ज्ञानेशनं त्याचे पाय धरले.

वाळूनं पाय काढून घेतले नाहीत. धाकट्याच्या डोक्यावर हातही ठेवला, क्षणभर. त्याचे डोळे भरून आले होते, रूपालीनं स्वतः पाहिलं. पण तो म्हणाला, "माझा राग नाय तुझ्यावर. राग असता तर बरं झालं असतं, तो गेला असता कवातरी. माझं सगळं तुझंच असताना तुला नाव लिहून पायजे झालं, एवढंच बसलंय इथं." त्यानं छातीवर हात ठेवला. "ते निघत नाय. मी काय करू?"

भागुबाई आत चहा ठेवायला गेली.

पुढची चंपाषष्ठी सिडकोत झाली. रूपालीनं पहाटे उठून रोडगे केले, भरीत केलं, टाक ताम्हनात मांडला. तळीला पाच पुरुष हवेत. ज्ञानेश एक. खालच्या मजल्यावरचे नायर, त्यांना ज्ञानेशनं सगळं समजावून सांगितलं होतं. सोसायटीचा वॉचमन झिपरू, पेठ तालुक्यातला, बिचारा नवी टोपी घालून आला. कंपनीतला गोटीराम. आणि गोटीरामचा एक दोस्त येणार होता, त्याला ऐनवेळी कंपनीनं थांबवून घेतलं.

वाट पाहून पाहून शेवटी चौघं ताम्हनाभोवती बसले. नायर अवघडून मांडी घालत होते. झिपरूनं हात लावला, गोटीरामनं लावला, ज्ञानेशनं लावला, मग नायरांनीही लावला. एक बाजू रिकामी. ताम्हन त्या बाजूला कलत होतं.

रूपाली मागं उभी होती. तळीला बायका हात लावत नाहीत हे तिला माहीत होतं, पण घरचं कुणीतरी हवंच ना? ती खाली बसली, पदर खोचला आणि रिकाम्या बाजूला हात लावला.

इतक्या दिवसांत ज्ञानेशनं तिला एका शब्दानं दोष दिला नव्हता. भांडला नव्हता, टोमणा मारला नव्हता, मेथीवरूनसुद्धा काही बोलला नव्हता. आताही तो रागावला नाही. त्यानं तिचं मनगट धरून हळूच बाजूला केलं.

"नको, रूपाली. ती दादाची जागा आहे."

तिनं हात काढून घेतला आणि उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. चौघांनी ताम्हन उचललं. "येळकोट येळकोट," ज्ञानेश ओरडला, पण त्याचा आवाज मधेच फुटला, आणि पुढं काय म्हणायचं ते कुणाच्या लक्षात येईना.